जेवलेली नऊ मतं

माझी मुलगी नववीत होती त्या वर्षी तिने अमेरिकेचा एक जुना कायदा मोडीत काढायचं ठरवलं, आणि त्यासाठी तिला एकवीस मतं हवी होती. हे मला शाळेच्या फाटकापाशी गाडीत बसल्या बसल्या कळलं. तिने दप्तर मागच्या सीटवर फेकलं, एसीची झडप स्वतःच्या तोंडाकडे वळवली आणि म्हणाली, "बाबा, मला इराक आलं."

तिच्या शाळेत दर वर्षी एक खोटी संसद भरते. चाळीस मुलं खासदार होतात, चिठ्ठ्या टाकून विषय वाटले जातात, ज्याला जो विषय येईल त्याने तो ठराव मांडायचा आणि मंजूर करून घ्यायचा. त्या वर्षी अमेरिकेची संसद होती. मी म्हटलं, नीट सांग, मराठीत सांग. माझं इंग्रजी पंपाच्या कॅटलॉगपुरतं आहे. घोड्याची शक्ती, पाईपचा व्यास, वॉरंटी. त्यापुढे मी जात नाही. आणि तिचं मराठी म्हणजे खडीच्या रस्त्यावरची सायकल.

"खूप वर्षं आधी," ती म्हणाली, "त्यांच्या प्रेसिडेंटने पार्लमेंटला विचारलं, मी इराकमध्ये आर्मी पाठवू का? पार्लमेंट म्हणाली, हो. मग वॉर झाला. ज्या माणसाशी वॉर होता तो मेला. त्याचं गव्हर्नमेंट गेलं. पण ते 'हो' अजून आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे कोणी परत घेतलंच नाही ना. नवीन नवीन प्रेसिडेंट येतात, आणि कोणी पण तो पेपर काढून म्हणू शकतो, बघा, मला परमिशन आहे."

"मग रद्द का नाही करत?"

"ट्राय करतात. एका हाउसमध्ये पास होतं, दुसऱ्यात अडकतं. मग परत पहिल्यापासून."

मला हसू आलं. हा प्रकार मला चांगला ठाऊक होता. आमच्या कोकणात कोणी शेजाऱ्याला एका लग्नापुरता कुंपणाचा गडगा काढून वाट दिली, की त्याच्या नातवाला तिथे रस्ता सापडतो. देताना दोन मिनिटं लागतात. परत घ्यायला कोर्ट लागतं.

ती लढाई सुरू झाली तेव्हा मी मस्कतला येऊन काही महिनेच झाले होते. एसीवाल्याच्या हाताखाली होतो, दिवसभर लोकांच्या गच्चीवर. गावाहून आईचा फोन आला, तिकडे लढाई लागलीय, परत ये. मी म्हटलं, आई, रत्नागिरीहून दिल्ली जेवढी लांब, तेवढं इथून इराक लांब. ती म्हणाली, "मग दिल्लीत बाँब पडायला लागले तर तू रत्नागिरीत गच्चीवर चढशील?" मी म्हटलं, चढेन. आणि चढलोच. गच्चीवरून दुकानात उतरायला मला बारा वर्षं लागली. आज मस्कतपासून दोन तासांवर, इब्राला माझं पंप-पाईपचं दुकान आहे, बायको-मुलगी शाळेसाठी मस्कतमध्येच अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि मी आठवड्यातून तीनदा त्या रस्त्याने ये-जा करतो. हे सगळं मी भाव करून मिळवलं आहे. कोणी ताटात वाढलेलं नाही.

म्हणूनच एक गोष्ट मला लागली होती. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक पुण्याचे साहेब राहतात. अल् खुवैरच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. आदल्या वर्षी शाळेने त्यांना या संसदेत परीक्षक म्हणून बोलावलं होतं. माझ्या मुलीचा ठराव दोन मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साहेब मला म्हणाले, "शेठ, मुलगी हुशार आहे हो तुमची. पण भाव करते. सभागृह म्हणजे सूक नव्हे, बाजार नव्हे." आणि हसले. लिफ्टमध्ये बायको होती आणि तिने माझा दंड धरला होता. त्यानंतर मी त्या माणसाबरोबर लिफ्टने गेलो नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण नाही म्हणजे नाही. त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात होता आणि यंदा तिच्या ठरावाच्या विरुद्ध बोलणार होता. तेव्हा हा ठराव पडणं मला परवडणारं नव्हतं. तिला तर नव्हतंच. आदल्या वर्षी पडल्यावर तिने चार महिने वर्गात हात वर केला नव्हता.

मी ठरवलं, मतं आपण गोळा करायची.

माझ्या अर्बाबांची इब्राबाहेर खजुराची बाग आहे. अर्बाब म्हणजे ज्यांच्या नावावर माझं दुकान सुरू झालं ते गृहस्थ. सत्तरी ओलांडली आहे, हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलतात आणि चेष्टा करायची एकही संधी सोडत नाहीत. मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी मुलं आणतो, दुपारी. ते म्हणाले, "आण. तुझा भाव ऐकून माझे कान किटले आहेत. जरा मुलांचा आवाज ऐकू दे."

दोन गाड्यांतून नऊ मुलं आली. बायकोने पहाटेपासून कोंबडी-वड्यांचा घाट घातला होता. जी मुलं मांसाहार करत नव्हती त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी होती. अर्बाबांनी हलवा आणि कहवा ठेवला होता. मुलांनी आधी बागेतल्या फलजमध्ये पाय बुडवले. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून आणलेला पाण्याचा पाट. बागा त्यावरच जगतात. पाटाला एका ठिकाणी फाटा होता आणि त्याच्या तोंडाशी दगड, दगडाभोवती चिंध्या.

"हा दगड कशाला?" एकाने विचारलं.

"हे पाणी आत्ता माझं नाही," अर्बाब म्हणाले. "शेजाऱ्याची पाळी आहे. मला कमी पडलं तर मी त्याच्याकडे मागतो. तो म्हणतो, घे. मग मी दगड काढतो. पण ती रोवलेली काठी बघ. तिची सावली त्या खुणेवर आली की खलास. दगड परत लावायचा."

"तुम्ही विसरलात तर?"

"मी नाही विसरत. सावली विसरते का?"

"पण नाहीच लावला तर?"

अर्बाबांनी दाढी खाजवली. "तर पुढच्या उन्हाळ्यात मी कुणाकडे मागू? तुझ्याकडे?"

मुलं हसली. माझी मुलगी हसली नाही. ती उकिडवी बसून त्या काठीकडे बघत राहिली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

जेवणं झाली आणि मी कामाला लागलो. इब्राच्या गुरांच्या बाजारात बोकड गोल फिरवतात, बोली होते, आणि भाव पटला की दोघं हातात हात देतात. हात दिला की सौदा झाला. त्यानंतर मागे फिरणाऱ्याकडे पुढच्या आठवड्यात कोणी बघत नाही. दुकान काढल्यापासून मी याच हातावर धंदा केला आहे. तर मी एकेका मुलाजवळ जाऊन बसलो.

"काय रे, मत कुणाला?"

"अंकल, अजून ठरवलं नाही."

"वडे कसे झालेत?"

"एकदम मस्त. अजून एक मिळेल?"

"मिळेल की. मत?"

"देतो ना अंकल."

"दे हात."

असे नऊ हात मी हातात घेतले. मुलगी तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला, फलजपाशी होती. परतीच्या वाटेवर मी बायकोला हळूच सांगितलं, "नऊ पक्की." बायको म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आणून दिल्यावर दुकानदार विचारतो का कुठून आणलं? त्या दिवशी मी गाडी चालवताना शीळ घालत होतो.

शुक्र-शनिची सुट्टी संपून रविवारी शाळा सुरू झाली आणि त्या नऊंतला एक मुलगा बाईंकडे गेला. चुगली करायला नाही, बिचारा अडचणीत होता. त्याला वादाची दुसरी बाजूही पटायला लागली होती. त्याने विचारलं, "मिस, मी अंकलना हात दिलाय, आता मत बदललं तर चालेल का?" बाईंनी विचारलं, कोण अंकल? मग सगळंच बाहेर आलं. बाईंनी निकाल दिला तो असा: ज्यांनी हात दिला त्यांनी मतदानात भाग घ्यायचा नाही. नऊ मतं बाद. उरली एकतीस, आणि जिंकायला हवी सोळा. त्या नऊंतली पाच-सहा तरी तशीही तिचीच होती, वड्यांशिवाय.

मुलगी घरी आली, बूट काढले, सोफ्यावर बसली आणि हे सगळं एका दमात इंग्रजीत बोलली. बायकोने मला मराठीत सांगितलं. मी उठलो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली.

"शाळेत. जेवायला घालणं हा गुन्हा कधीपासून झाला ते विचारून येतो. आणि यामागे कोण आहे तेही मला माहीत आहे. वरच्या मजल्यावर राहतो तो."

"अहो, बसा."

"नाही बसत."

तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"तू!"

"मी? केव्हा?"

"पाचवीत."

आणि ते खरं होतं. पाचवीत असताना बसमधली एक मुलगी रोज हिची पाण्याची बाटली लपवायची. एके दिवशी ही रडत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला ना." मी गेलो, बोललो, बाटली मिळाली. तिथून मी थांबलो नव्हतो. त्या दिवशी मी सगळा पाढा वाचला, अभिमानानेच. खेळाच्या दिवशी तिला तिसऱ्या ओळीत उभं केलं, मी गेलो. अक्षराला कमी गुण दिले, मी गेलो. चित्रकलेचं बक्षीस, मी गेलो. बसमधली खिडकीची जागा, मी गेलो. गेल्या वर्षी परीक्षकांची तक्रार घेऊन दोनदा गेलो. "तूच म्हणाली होतीस, तुम्ही बोला. मग मी बोलतो!"

ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली. हसत हसत सोफ्यावरून घसरून खाली बसली.

"बाबा, हे तर तेच आहे! वॉटर बॉटलसाठी दिलं होतं! वॉटर बॉटल मिळाली पण! ती मुलगी आता माझी फ्रेंड आहे!"

"मग?"

"मग तुम्ही अजून फाइट करताय!"

तिने माझ्या पंपाच्या कॅटलॉगचं मागचं पान फाडलं, त्यावर काही लिहिलं आणि जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिली. मग वाचून दाखवलं, एकेक शब्द शोधत. पाचवीत पाण्याच्या बाटलीसाठी बाबांना दिलेली परवानगी आजपासून बंद. चर्चेसाठी पाच मिनिटं.

मी विरोधात बोललो. जोरात बोललो, कारण मला खरोखर राग आला होता. म्हटलं, उद्या पुन्हा कोणी त्रास दिला तर? तेव्हा काय करशील?

"तेव्हा मी येऊन सांगेन. तुम्ही काय लांब आहात का? दोन रूम सोडून तर आहात."

"आणि मी इब्राला असलो तर?"

"फोन आहे ना."

"आणि तेव्हा मी नाही आलो तर? आज हक्क काढून घेतेस, उद्या हाक मारलीस तर मी येईनच कशावरून?"

हे मी रागाच्या भरात बोललो. ती माझ्याकडे बघून नुसती म्हणाली, "याल."

मत घेतलं. बायको तिच्या बाजूने गेली. दोन विरुद्ध एक. मी म्हटलं, ठीक, पण बदल्यात मला काय? फुकट काही सोडायची माझी सवय नाही.

"शेवटच्या रांगेत एक चेअर."

"बोलू?"

"नो."

"टाळी?"

"नो, बाबा!"

"मान हलवू?"

ती विचारात पडली. "थोडीशी."

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती उरलेल्या तीस जणांना एकटी भेटत होती. डब्याच्या सुट्टीत, बसमध्ये, फोनवर. मी एक शब्द विचारला नाही. दुकानात मात्र नोकरांवर इतका ओरडलो की अर्बाब एकदा म्हणाले, "तुझ्या मुलीला सांग, लवकर आटप, इथे पंप घाबरून बंद पडतायत." संध्याकाळी ती भाषण करून दाखवायची, आणि ते मराठीत. मी विचारलं, भाषण तर इंग्रजीत आहे ना? म्हणाली, "तुम्हाला समजलं तर कोणाला पण समजेल." हा मान होता की टोमणा, हे मी ठरवलेलं नाही. पण रोज एखादं वाक्य मला कळायचं नाही, मी भुवया वर करायचो, आणि ती ते वाक्य काढून टाकायची.

तो दिवस आला. मी इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलो. सभागृह भरलेलं. माझ्या शेजारची एकच खुर्ची रिकामी, आणि त्या खुर्चीवर येऊन बसले कोण, तर वरच्या मजल्यावरचे साहेब. यंदा ते नुसते पालक होते.

"काय शेठ, आज गप्प?"

मी मान हलवली. थोडीशी.

मुलगी बोलायला उभी राहिली. ती घाबरली होती. उजवा पाय डाव्या पायावर घासत होती, लहानपणापासूनची खोड. मग तिने फलजपासून सुरुवात केली. मला शब्द न् शब्द कळत नव्हता, पण काठी आली, सावली आली, दगड आला. तिने सांगितलं की पाणी मागणारा चोर नाही. देणाराही मूर्ख नाही. पण ही सावली खुणेवरून कधीच पुढे सरकून गेली आहे आणि दगड अजून बाजूला पडला आहे. बाद झालेले नऊजण पहिल्या रांगेत होते, हात मांड्यांखाली दाबून.

मग साहेबांचा मुलगा उठला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू; माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेली बायको कानात मराठीत सांगत होती. त्याचं म्हणणं, उद्या अचानक हल्ला झाला तर? तेव्हा परवानगी मागत बसायचं?

माझी मुलगी म्हणाली, "आम्ही लांब नाही. याच खोलीत आहोत. या आणि विचारा."

मी मांडीखाली हात घातले. त्या नऊंसारखे.

तो मुलगा थांबला नाही. म्हणाला, निदान आजच्या आज नको, तिथे अजून सैनिक असतील, त्यांच्या डोक्यावरून छप्पर एकदम काढू नका. एक वर्ष द्या, वर्षाने ही परवानगी आपोआप संपेल, असं लिहा, तर मीही तुमच्या बाजूने मत देतो. मुलीने हातातला कागद बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, वर्ष जास्त होतं. तीन महिने. तो म्हणाला, नऊ. ती पुन्हा कागद बघत बसली. तिचा पाय हलायचा थांबला होता. हे मला शेवटच्या रांगेतूनही दिसलं, कारण पाय थांबणं म्हणजे काय हे मी आयुष्यभर समोरच्या गिऱ्हाईकात शोधत आलो आहे.

"सहा," ती म्हणाली. "आणि त्यात वाढ नाही. हवी असेल तर पुन्हा नवीन विचारायचं, नवीन मत घ्यायचं."

मुलगा हसला. "सहा."

हात वर झाले. बाई मोजत होत्या, मीही मोजत होतो, आणि बाईंच्या आधी माझं मोजून झालं. सतरा. तो सतरावा हात साहेबांच्या मुलाचा होता. त्याच्या मागे बसलेला त्याचा मित्र हात वर-खाली करत राहिला आणि शेवटी खालीच ठेवला. मला त्या मित्राचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

सभागृहात पहिली टाळी कोणी वाजवली असेल? माझ्या शेजारच्या माणसाने. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते, "वा, वा, काय बोलली पोरगी!" असं मला सांगत होते, माझ्याच मुलीबद्दल, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, कारण मी शब्द दिला होता. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि ज्याचा जीव सगळ्यांत जास्त आनंदला होता तो एकटाच न वाजवता बसला होता. साहेबांना वाटलं असेल, शेठ किती गर्विष्ठ. वाटू दे. मी मान हलवली. थोडी जास्तच हलली.

पुढे खऱ्या संसदेनेही ते इराकचं जुनं 'हो' परत घेतलं. एका मोठ्या संरक्षणाच्या कायद्यात घालून, दोन्ही सभागृहांतून पार नेलं. मुलीने बातमी वाचून दाखवली तेव्हा मी अर्बाबांना लगेच फोन केला आणि सांगितलं की अमेरिका आमच्यामागून आली. ते म्हणाले, "त्यांनी कोंबडी-वडे कुणाला खायला घातले विचार."

पण ते नंतरचं. त्या दिवशी शाळेतून निघालो तेव्हा बायको मागे बसली होती, मुलगी माझ्या शेजारी. गाडीत तिच्या तीन मैत्रिणीही कोंबलेल्या होत्या, आइसक्रीम खायला जायचं होतं, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. दोन सिग्नल मी दम धरला. तिसऱ्याला राहवलं नाही.

"एक सांग. इराकच्या ठरावातही तू 'आजपासून बंद' लिहिलं होतंस."

"हो."

"पण सहा महिन्यांचा आकडा तू आधीच ठरवून गेली होतीस. घरून निघतानाच. 'आजपासून' हे नुसतं कापून द्यायला ठेवलं होतंस."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या गालाचा जेवढा भाग मला दिसत होता तेवढा हसत होता.

"खरं सांग. सहा ठरलेले होते ना?"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाईकाला कधी सांगता का?"